कृष्णविवर नसतानाही झिजलेला तारा

आमच्या विपावा खोऱ्यात स्तोयान लिचेनला सगळे ओळखतात, पण भलत्याच कारणासाठी. लोकांना वाटतं तो हवामानवाला आहे. बेकरीत, पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर, कुठेही गाठतात आणि विचारतात, "स्तोयान, उद्या बुर्या सुटणार का रे? द्राक्षवेलींना आधार बांधून घेऊ का?" बुर्या म्हणजे आमचा डोंगरावरून कोसळणारा गार वारा. कौलांवर दगड ठेवावे लागतात, असा. सुरुवातीला तो बिचारा समजावून सांगायचा, की मी आकाशाचंच काम करतो, पण तुम्ही म्हणता त्या आकाशाचं नाही. मग कंटाळला. आता तो नानोस डोंगराकडे मान वर करून बघतो. माथ्यावर पांढऱ्या ढगाची टोपी दिसली तर म्हणतो, "सुटेल." नाही दिसली तर म्हणतो, "नसावी." एवढं तर इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण स्तोयान बोलला म्हणजे शास्त्र बोललं!

मी मिलोयका. तो जिथे काम करतो त्या संस्थेत तळमजल्यावर, दाराशेजारच्या खोलीत माझं टेबल आहे. प्रवासाची तिकिटं, पाहुण्यांच्या खोल्या, रजेचे अर्ज, झालंच तर कॉफी. कॉफी करणं खरं तर माझ्या कामात येत नाही, पण कॉफीमुळेच या इमारतीत काय चाललंय ते मला कळतं. शास्त्रज्ञ माणूस वरच्या मजल्यावर गप्प असतो. खाली आला, हातात गरम कप आला, की त्याची जीभ सुटते.

स्तोयान पन्नाशी ओलांडलेला, उंच, थोडा वाकलेला. बापाची पीचची बाग होती, आई कापडगिरणीत. राजधानीत, ल्युब्ल्यानाला शिकला, हुशार होता, बाहेर देशी गेला असता. पण नाद्याच्या प्रेमात पडला, आणि नाद्या तिच्या शाळेतली पोरं आणि घराची वेल सोडून कुठे जाणाऱ्यातली नव्हती. म्हणून तो इथेच राहिला. प्राध्यापकपद काही मिळालं नाही. दर दोनेक वर्षांनी अर्ज करायचा, दर वेळी कुणीतरी दुसरा निवडला जायचा. तो म्हणायचा, "असू दे. तारे काही माझ्या दारावरची पाटी वाचत नाहीत."

त्याचं काम त्यानं मला इतक्यांदा सांगितलंय, की झोपेत उठवलं तरी सांगेन. प्रत्येक मोठ्या आकाशगंगेच्या मधोमध एक अजस्र कृष्णविवर बसलेलं असतं. एखादा तारा भटकत त्याच्याजवळ गेला, की कृष्णविवर त्याला अलीकडून जास्त ओढतं, पलीकडून कमी. त्या ओढाताणीत फार जवळ गेलेला तारा पार फाटून जातो. पण जो जरा अंतर राखून जातो, त्याचा फक्त वरचा थर ओरबाडला जातो. गाभा वाचतो. असा तारा अंग झाडून पुढे निघतो, आणि काही तर मोठी फेरी मारून पुन्हा त्याच वाटेनं येतात, पुन्हा थोडे ओरबाडले जातात. ओरबाडलेला वायू कृष्णविवरात पडताना तापतो, भडकतो, आणि तो भडका आपल्या दुर्बिणींना दिसतो.

"आता मिलोयका, प्रश्न एवढाच," स्तोयान म्हणायचा, "किती जवळून गेला तर किती माल जातो? प्रत्यक्ष जाऊन वजन करता येत नाही. मग मी काय करतो? संगणकात तारा बनवतो."

तारा बनवायचा म्हणजे लाखो कणांचा एक गोळा करायचा. प्रत्येक कण बाकीच्या सगळ्यांना ओढतो, शेजारच्यांना ढकलतो. असा नवा गोळा आधी थरथरत असतो. म्हणून त्याला काही काळ एकटं ठेवायचं, मुरू द्यायचं, माझी आई पाव भाजण्याआधी कणीक झाकून ठेवायची तसं. थरथर थांबली की मग त्याला कृष्णविवराजवळून सोडायचा आणि कितीक कण ताऱ्यात राहिले, कितीक हरवले ते बघायचं. अशा शेकडो फेऱ्या करून स्तोयाननं एक तक्ता बनवला होता. एवढ्या अंतरावरून गेला तर एवढी झीज. तो तक्ता आठ-नऊ वर्षांपूर्वी छापून आला, आणि जगभरातले लोक तो वापरायला लागले. त्याच्या आयुष्यातली ती एक मोठी गोष्ट. पीचच्या बागेतल्या पोराचा तक्ता चिलीत आणि जपानमध्ये वापरला जातो, हे त्याची आई मरेपर्यंत शेजारणींना सांगत होती.

त्या तक्त्याला नावं ठेवणारी एकच होती. त्रिएस्तेची ओर्नेला झुलियानी. आमच्यापासून तासाभरावर, सरहद्दीपलीकडे. ती तेच काम करायची, तिचा आकडा स्तोयानच्या निम्माही यायचा नाही. एका परिषदेत दोघांची भर सभेत जुंपली. ती म्हणाली, तुमचा तारा जेलीचा आहे. हा म्हणाला, तुमचा दगडाचा आहे. तेव्हापासून एकमेकांचं नाव काढलं की दोघांच्या कपाळावर आठी.

आणि याच ओर्नेलाला आमच्या तिंकाराची परीक्षक नेमलं होतं.

तिंकारा ब्रातिना ही स्तोयानची विद्यार्थिनी. टोलमिनकडची, प्लंबरची मुलगी, तोंडाची फटकळ, कामाला वाघीण. तिचा प्रबंध एका खऱ्या ताऱ्यावर होता. एका दूरच्या आकाशगंगेचा मधला भाग दर दोनेक वर्षांनी भडकायचा, म्हणजे तोच तारा फेऱ्या मारत पुन्हा पुन्हा ओरबाडला जात होता. तिंकारानं स्तोयानचा तक्ता लावून हिशोब मांडला होता, की हा तारा आता दोन-तीन फेऱ्यांचा सोबती. मग संपला. कारण एकदा टक्काभर माल गेला, की तारा फुगतो आणि पुढच्या फेरीला कितीतरी जास्त ओरबाडला जातो. प्रबंध परीक्षकांकडे गेला होता. तोंडी परीक्षा तीन आठवड्यांवर. तिची आई ड्रेस शिवत होती.

त्या फेब्रुवारीत बुर्यानं सगळं खोरं धरून हलवलं. दुपारी जेवणाच्या वेळेला वीज गेली. मी खिडकीला खुर्ची लावून बसले होते, बाहेर सायकलस्टँडचं पत्र्याचं छप्पर चर्चच्या दिशेनं निघालेलं बघत. वरच्या मजल्यावर संगणकावर तिंकाराची एक फेरी चालू होती, ओर्नेलानं प्रश्न विचारलाच तर हाताशी असावी म्हणून. ती मधेच बंद पडली. वीज आल्यावर तिनं बघितलं तर सूचनांची फाईल खराब झालेली. तिनं हातानं नवी टाइप केली आणि फेरी पुन्हा सुरू केली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीत आली. चेहरा असा, की मला वाटलं कुणीतरी गेलं.

"तेता मिलोयका," ती म्हणाली. तेता म्हणजे मावशी, ही पोरगी मला पहिल्या दिवसापासून तेताच म्हणते. "मी एक मूर्खपणा केलाय."

"बस. काय केलंस?"

"काल फाईल टाइप करताना कृष्णविवराचं वजन घालायला विसरले. मशीननं ते शून्य धरलं. तारा नुसता सरळ रेषेत गेला. कुणाच्याच जवळून नाही."

मी हसले. "मग? पुन्हा कर. त्यात रडण्यासारखं काय?"

"मीही हसले. पुसून टाकणार होते. पण सहज शेवटचा रकाना बघितला." तिनं माझा हात धरला. "तेता, तारा झिजला. जवळजवळ एक टक्का. कृष्णविवर नसताना."

मी काही शास्त्रज्ञ नाही. पण न्हाव्याच्या दुकानात पाऊल न टाकताच कुणी केस कापून बाहेर आला, तर तिथे काहीतरी गडबड आहे एवढं मलाही कळतं.

"स्तोयानला सांगितलंस?"

"नाही. कसं सांगू? तक्ताच त्यांचा आहे."

"पाणी पी. आणि आत्ता वर जा. जितका उशीर करशील तितकं ते वाक्य जड होत जाईल."

ती गेली. मी कान टवकारून बसले, पण वरून काहीच ऐकू येईना. अर्ध्या तासानं स्तोयानच खाली आला. डबा घेऊन. नाद्यानं दिलेला योटा होता त्यात, आंबवलेल्या कोबीचं आणि घेवड्याचं आमचं रोजचं कालवण. तो माझ्यासमोर बसला आणि थंडच खायला लागला.

"गरम करून देऊ?"

"काय?"

"योटा. थंड आहे."

"असू दे," तो म्हणाला आणि चमचा खाली ठेवला. "मिलोयका, ती पोरगी चुकली असेल. हातानं टाइप केलंय. आणखीही काहीतरी चुकलं असेल. मी आज स्वतः करून बघतो."

त्यानं ते केलं. एका ताऱ्याचं नाही, तक्त्यातल्या सगळ्या प्रकारच्या ताऱ्यांचं. सकाळी मी दार उघडायला आले तर तो आधीच आत, दाढी न केलेला.

"चुकली नाही ती," तो म्हणाला. "चुकलो मी."

मग त्यानं मला समजावलं. म्हणजे मला नाही, स्वतःलाच. तक्ता केला तेव्हा मशीन हळू होतं, आणि ते वापरायला मिळणारा वेळ मोजका. ताऱ्याला किती मुरू द्यायचं हे त्यानं गाभ्याकडे बघून ठरवलं होतं. गाभा शांत झाला होता, म्हणून त्याला वाटलं झालं. पण साल अजून थरथरत होती. कृष्णविवर असो वा नसो, सालीवरचे काही कण आपसूकच सुटून जात होते. तारा जवळून गेला असेल तर तिथे इतका माल जातो, की एवढ्याशा चुकीनं फरक पडत नाही. पण हलका ओरखडा असेल, तिथे त्यानं छापलेली झीज जवळजवळ सगळी ह्या थरथरीचीच होती.

"आणि तिंकाराचा तारा?"

"हलक्या ओरखड्याचा," तो म्हणाला.

तिंकारा आली. स्तोयाननं तिला माझ्याच खोलीत बसवलं, दार लोटलं आणि म्हणाला, "हे बघ, मी रात्रभर विचार केलाय. तुझी परीक्षा होऊ दे. आत्ता कुणालाच माहीत नाही. तुझं पार पडलं की दुसऱ्या दिवशी मी दुरुस्ती छापायला पाठवतो. माझ्या नावानं. चूक माझी आहे, तू का भोगायचं?"

मला वाटलं पोरगी सुटकेचा श्वास टाकेल. ती भडकली.

"आणि झुलियानीबाईंनी मला विचारलं, तुझ्या आकड्यावर तुझा विश्वास आहे का, तर? मी काय म्हणू?"

"त्या असं विचारणार नाहीत."

"पहिलाच प्रश्न तो असेल! त्यांना तर आधीपासूनच पटत नाहीये! मी तिथे उभी राहून खोटं बोलू, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही छापणार की हिला माहीत होतं?"

"तुला माहीत होतं असं मी नाही छापणार."

"पण मला माहीत असेल ना!"

स्तोयान माणूस भित्रा नाही, पण त्याला दुसऱ्याचं नुकसान बघवत नाही. शेवटी त्यानं टेबलावर तळहात ठेवले. "बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "मग ओर्नेलाला सांगावं लागेल. आधी. परीक्षेच्या आधी. आणि पत्रानं नाही, पत्रात मी काय लिहीन आणि ती काय वाचेल देव जाणे."

"उद्या मी त्रिएस्तेला बहिणीकडे चाललेय," मी म्हटलं. "रजा टाकलीय. गाडीत जागा आहे."

स्तोयाननं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला दवाखान्यात न्यायला निघालेय. "एवढ्या वाऱ्यात?"

"ट्रकना बंदी आहे. माझी गाडी ट्रक नाही."

तर दुसऱ्या दिवशी मी गाडी चालवते आहे, शेजारी स्तोयान गुडघे छातीशी घेऊन बसलाय, मागे तिंकारा लॅपटॉप मांडीवर धरून. वाटेतल्या पठारावर आल्यावर वाऱ्यानं गाडीला असे धक्के द्यायला सुरुवात केली, की मी दोन्ही हातांनी चाक पकडलं.

"ओर्नेला मला फाडून खाणार," स्तोयान म्हणाला.

"पूर्ण की थोडं?" तिंकारानं मागून विचारलं.

मी हसू दाबलं. स्तोयान आधी रागानं वळला, मग त्यालाही हसू आलं, पण अर्धवटच. "तिनं मला सगळ्यांसमोर जेली म्हटलं होतं," तो म्हणाला. "आणि ती बरोबर होती. नऊ वर्षं ती बरोबर होती."

"मग तिला हेच सांग," मी म्हटलं. "लोकांना आपण बरोबर होतो हे ऐकायला आवडतं. निम्मा राग तिथेच उतरतो."

"तू लग्नाची बोलणी करायला निघाल्यासारखी बोलतेयस."

"लग्नच लावून दिलं असतं मी तुमचं, नाद्या मधे नसती तर. इतकी भांडणं फक्त नवरा-बायकोत होतात."

त्रिएस्तेला बहिणीच्या घरी न जाता मी त्यांच्याबरोबरच वर गेले, कारण स्तोयाननं गाडीतून उतरल्यावर माझी बाही सोडली नाही. लोक रेलिंगला धरून चालत होते, एका बाईची टोपी उडून थेट समुद्राकडे गेली.

ओर्नेला झुलियानी साठीची, बुटकी, पांढऱ्या केसांची, चष्मा गळ्यात लोंबता. खोलीत सिगारेटचा वास, खिडकी मात्र वाऱ्यामुळे घट्ट बंद. तिनं आम्हा तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. स्तोयाननं इंग्रजीत सुरुवात केली, परिषदेत करतात तशी. तिनं हात वर केला.

"आपली भाषा बोल," ती म्हणाली, आणि ती आमची भाषा होती. माझ्या आजीच्या खेड्यात बोलायचे तशी, शेणामातीचा वास असलेली. "माझी आजी पठारावरची. मला सगळं समजतं. तू कधी विचारलंच नाहीस."

स्तोयान दचकला. मग उभ्या उभ्याच म्हणाला, "ओर्नेला, माझा तारा कृष्णविवर नसतानाही झिजतो."

ओर्नेलानं गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला.

"किती?"

"जवळजवळ एक टक्का."

"आणि सगळ्यात हलक्या ओरखड्याला तू किती छापलंयस?"

"सव्वा."

ती खुर्चीत मागे रेलली. मला वाटलं आता सुरू होणार. पण तिनं चष्मा काढून डोळे चोळले. "दार लाव गं पोरी," ती तिंकाराला म्हणाली. तिंकारानं दार लावलं. "आता माझं ऐका. माझ्या सगळ्यात हलक्या ओरखड्यात ताऱ्यापासून किती कण सुटले होते, माहिती आहे? सात."

"सात हजार?" तिंकारानं विचारलं.

"सात." ओर्नेलानं दोन्ही हातांची मिळून सात बोटं दाखवली. "माझं मशीन तुमच्याहून जुनं. माझ्या ताऱ्यात कणच कमी. त्या सात कणांवर मी टक्का काढला, आलेख काढला, आणि तुला भर सभेत जेली म्हटलं."

"तुला हे कधी कळलं?"

"दोन वर्षं झाली. रोज वाटायचं कुणीतरी विचारेल. कुणी विचारलं नाही. मग मीच बोलले नाही."

स्तोयान आता खाली बसला. "मग तू माझ्यावर एवढी तुटून का पडलीस?"

"अरे, तेव्हा मला खात्री होती! आणि तू मला काय म्हणालास? 'बाई, तुमचा तारा दगडाचा आहे.' बाई! माझं वय काय होतं तेव्हा?"

"मी आदरानं म्हणालो होतो."

"आदरानं!" ओर्नेला हसायला लागली. आधी नाकातून, मग मोठ्यानं, मग खोकत. स्तोयान तिच्याकडे बघत राहिला, आणि मग त्याच्याही पोटातून हसू वर आलं, असं हसू मी त्याच्या तोंडून वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं त्याच्या. ते नुसत्या हसण्याचं नव्हतं हे मला कळत होतं, आणि ओर्नेलालाही कळलं असावं, कारण ती उठली आणि पाठमोरी होऊन कॉफी करायला लागली.

माझा जीव भांड्यात पडला. बहिणीला मी फोन करून सांगितलं, उशीर होईल, जेवून घ्या.

पुढचे दोन-तीन तास ते कागदावर रेघोट्या मारत बसले. ठरलं ते असं: तारे नव्यानं बनवायचे, भरपूर कणांचे, आणि साल शांत होईपर्यंत मुरू द्यायचे. मग प्रत्येक ताऱ्याला आधी कृष्णविवराशिवाय सोडायचं. तिथे काही झिजलं नाही, तरच पुढे. आणि दुरुस्ती दोघांच्या नावानं.

"आणि माझं?" तिंकारानं विचारलं.

"तुझं काय?" ओर्नेला म्हणाली. "परीक्षा उन्हाळ्यात. तिसरं प्रकरण नव्यानं लिही. आणि त्यात लिही की मी कृष्णविवर घालायला विसरले. याच शब्दांत."

"सगळे हसतील."

"हसतील. आणि घरी जाऊन गुपचूप आपापला तारा तसाच सोडून बघतील. तू बघच."

येताना पठार ओलांडायच्या आतच स्तोयान झोपला. तोंड उघडं, डोकं काचेवर आपटतंय, तरी झोपलेला. तिंकारानं मागून तिचा स्कार्फ त्याच्या डोक्यामागे सारला.

"आईचा ड्रेस?" मी विचारलं.

"उन्हाळ्याचा शिवायला सांगते," ती म्हणाली. "आखूड बाह्यांचा." मग थोड्या वेळानं म्हणाली, "तेता, काल मला वाटत होतं सगळं संपलं. आज तेवढंच काम समोर आहे, उलट जास्तच, तरी इतकं हलकं का वाटतंय?"

"कारण आता ते काम आहे," मी म्हटलं. "काल ते ओझं होतं."

वसंतात वरच्या मजल्यावर तारे मुरत होते. मी विचारायचे, "झाला का तयार?" आणि स्तोयान म्हणायचा, "अजून नाही. घाई नाही." घाई नाही हे शब्द त्याच्या तोंडून ऐकून मला गंमत वाटायची. ओर्नेला दर आठवड्याला यायची, गाडीत पिशवीभर त्रिएस्तेच्या बेकरीतली बिस्किटं घालून. दोघं अजूनही भांडायची, पण आता एकाच भाषेत आणि एकाच टेबलाशी.

आणि मग एका सकाळी जिन्यावरून धाडधाड पावलं वाजली. तिंकारा ओरडत खाली येत होती, "काही झालं नाही! तेता, काहीच झालं नाही!" खोल्याखोल्यांतून लोक धावत बाहेर आले, त्यांना वाटलं कुणी पडलं. पोस्टमन दारात पार्सल घेऊन उभा, घाबरून विचारतोय, "काय झालं?" "काहीच नाही!" म्हणत तिनं त्यालाच मिठी मारली. नवा तारा कृष्णविवराशिवाय सोडला होता, आणि तो जसाच्या तसा, न थरथरता, एकही कण न सांडता, सरळ निघून गेला होता. इतक्या आनंदानं कुणी काहीच न घडल्याची बातमी दिलेली मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकली. पहिल्यांदा माझ्या नवऱ्याच्या तपासणीचा निकाल आला होता तेव्हा.

मग खरे आकडे आले. जवळून जाणाऱ्या ताऱ्यांचे आकडे स्तोयानचे होते तेच राहिले, दशांश इकडेतिकडे. त्या आकड्यांवर कितीकांची कामं उभी होती, ती सगळी शाबूत राहिली. मधल्या अंतराचे थोडे बदलले. हलक्या ओरखड्याचे मात्र पार कोसळले, ओर्नेलाच्या सात कणांच्या जवळपास जाऊन बसले. "नशीब," ओर्नेला म्हणाली. "नुसतं नशीब. ह्याला शास्त्र म्हणू नका."

आणि तिंकाराचा तारा? दोन-तीन फेऱ्यांत संपणार होता तो. नव्या आकड्यांनी तो एका फेरीत इतकं थोडं गमावत होता, की फुगणं दूरच, अजून शेकडो फेऱ्या मारेल. हे कळलं त्या दिवशी आमच्या इमारतीत, खोटं नाही सांगत, घरातला आजारी माणूस उठून बसल्यासारखं वातावरण होतं. सफाईला येणारी मार्ता सुद्धा विचारून गेली, "वाचला म्हणे?"

दुरुस्ती छापून आली. स्तोयान आठवडाभर पेटीत पत्रं बघायला धजेना, मलाच म्हणाला, तू वाच. मी वाचली. एकानं खवचटपणे लिहिलं होतं, नऊ वर्षं आमची वाया घालवलीत, धन्यवाद. ते मी त्याला वाचून दाखवलं, लपवण्यात अर्थ नव्हता. त्यानं मान हलवली. बाकीची वेगळी होती. एका जपानी माणसानं लिहिलं की आम्हीही आमचा तारा एकटा सोडून पाहिला, आणि तोही झिजला, आता आम्हीही दुरुस्त करतोय. पोलंडहून एका मुलीनं लिहिलं, माझा आकडा कधीच तक्त्याशी जुळत नव्हता, मला वाटायचं मीच ढ आहे, तुमची दुरुस्ती वाचून मी रडले. हे पत्र स्तोयाननं माझ्याकडून मागून घेतलं आणि खिशात ठेवलं.

प्राध्यापकपदाचा अर्ज त्या वर्षीही फेटाळला गेला. दुरुस्तीमुळे की नेहमीच्या कारणानं, कोण जाणे. तो म्हणाला, "बरं झालं, प्राध्यापक झालो असतो तर बैठकांना जावं लागलं असतं."

जूनमध्ये तिंकाराची परीक्षा झाली. ओर्नेलानं पहिलाच प्रश्न विचारला, "तुझ्या आकड्यावर तुझा विश्वास आहे का?" आणि तिंकारा म्हणाली, "हलक्या ओरखड्यापर्यंत आहे. त्याहूनही हलका असेल तर नाही, आणि का नाही ते सांगते." ती अर्धा तास सांगत होती. तिचा बाप पहिल्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसला होता, एक शब्द समजत नव्हता, पण मुलगी कुठेच अडखळत नाही एवढं त्याला दिसत होतं.

नंतर मागच्या अंगणात, तुतीच्या झाडाखाली टेबलं मांडली. डोंगरावर वाळवलेलं डुकराचं मांस, लाल वाइन, नाद्यानं केलेली अक्रोड भरलेली गोड रोटी. ओर्नेला आणि स्तोयान एका कोपऱ्यात कागदी बशीवर काहीतरी आकृती काढत होते, आणि ओर्नेला म्हणत होती, "गाढवा, ही रेघ इकडे वळत नाही."

नाद्या माझ्या शेजारी येऊन बसली. चप्पल काढून पाय गवतात ठेवले.

"कशी आहेस?" मी विचारलं.

"झोप नाही," ती म्हणाली.

"का गं? सगळं तर नीट झालं."

"म्हणूनच तर! फेब्रुवारीत तो रात्ररात्र छताकडे बघत पडायचा, मी बापडी गाढ झोपायचे. आता तो असा घोरतो मिलोयका, असा घोरतो, की खिडक्या वाजतात."

"मग उठव त्याला."

तिनं कोपऱ्यातल्या तिच्या उंच, वाकलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. तो बशी उलटी करून मागच्या बाजूला रेघ काढत होता.

"छे," ती म्हणाली आणि माझ्या बशीतला रोटीचा तुकडा उचलून खायला लागली. "घोरू दे."